काचेच्या पेटीतला हंसराज

तलवाडा,
शनिवार, ७ मे २०१६

प्रिय अक्का,

जय भीम.

परवा फोनवर तू म्हणालीस, "भिमीचं नाव माझ्याम्होरं काढू नको," आणि मी काढल्यावर फोन ठेवलास. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. गिरणीच्या लॅबमध्ये सुताची लडी ताणायला लावते आणि आकडा न बघताच काढून ठेवते. दोन दिवसांत तीनदा असं झालं. शेवटी आज रजा टाकली, खोलीचं दार लावून घेतलं आणि लिहायला बसले. तू मध्येच हे बाजूला टाकशील, हेही धरून चालले आहे. टाक. चूल आवर, आईला गोळी दे आणि पुन्हा उचल.

विहिरीवर गिरणीचे टँकर लागून आज सोळा दिवस झाले. आज्याने बहात्तरच्या दुष्काळात वस्तीतल्या माणसांना घेऊन खणलेली ही विहीर. वरच्या गावाच्या आडावर आपल्याला दोर टाकू देत नव्हते, म्हणून खणलेली. आता तिच्यात जाड पाइप सोडून दिवसभर पाणी ओढतात आणि आपल्या बायकांना सकाळी फक्त अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासाची पाळी तू लावतेस, आणि त्या पाळीतून तू भिमाकाकूला काढून टाकलंस. कारण काय, तर तिचा जावई टँकर चालवतो. तिनेच जावयाला विहीर सांगितली, जावयाने गिरणीला दाखवली, असं वस्तीने ठरवून टाकलं. तिला एका शब्दाने कुणी विचारलं नाही. साठी उलटलेली बाई आता एक हंडा घेऊन फाट्यावरच्या हातपंपाला जाते, तिथे वरच्या गावाच्या बायका तिला शेवटी उभं करतात, आणि ती येते तेव्हा तुम्ही सगळ्या दारातून बघता. आईनेच मला सांगितलं. सांगताना तिचा आवाज खाली गेला होता, पण तुला थांबवायची हिंमत तिलाही झाली नाही.

अक्का, मी गिरणीवर चिडले आहे, साहेबांवर चिडले आहे, पण तुझ्यावरही चिडले आहे, आणि ते आधी लिहिते, कारण नंतर लिहायला मला तोंड राहणार नाही.

ही विहीर दोन महिने लपली कुणामुळे, तू विसरलीस का? माघात वरच्या गावाचे बोअर एकामागून एक कोरडे पडले तेव्हा आपल्या ओट्यावर सगळ्या जमल्या होत्या. मी त्या रविवारी घरीच होते. विहीर आटली असं सांगायचं ठरलं. राहाट काढला, मोटार छबुबाईच्या कोठीत नेऊन वर कडबा टाकला. तरी कुणी वाकून बघितलं तर काय, असं तूच म्हणालीस. तेव्हा भिमाकाकू तंबाखू मळता मळता म्हणाली, "आटल्याल्या हिरीवर काटं टाकतेत, ढोरं पडू न्हाईत म्हून. बाभळीचं काटं टाका. काटं दिसलं की मान्सं वाकत न्हाईत." तिचंच डोकं ते. भर दुपारी, सगळं गाव उन्हाला भिऊन दारं लोटून पडलेलं असताना, ती फांद्या ओढून बाजूला करायची, घरटी दोन हंडे झाले की पुन्हा लोटायची. तिच्या हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते. आणि आईने सगळ्यांना बजावलं होतं, "सासरी दिल्याल्या लेकीलाबी हिरीचं सांगायचं न्हाई." सासरी दिलेल्या लेकीचं नाव घेतलं. नोकरीवर गेलेल्या लेकीचं कुणी घेतलं नाही.

आता गिरणीतलं सांगते. विषय बदलते आहे असं वाटेल, पण नाही बदलत.

काचेच्या पेटीचं मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालीस, "मान्सं पान्यावाचून मरायलीत आन् तुमी झाडाला काचंत धुकं दाखवायलेत." मला राग आला होता. गिरणीच्या नव्या ऑफिसात, दरवाजातून आत शिरलं की समोर ती पेटी आहे. सहा फूट लांब, कमरेएवढी उंच. तळाला खडी, वर कोळसा, त्यावर माती, त्यात झाडं आणि वरून काचेचं झाकण. चेअरमन साहेबांच्या सूनबाईंनी पुण्याला कुठेतरी तसं पाहिलं होतं आणि उद्घाटनाच्या आत इथे हवं होतं. अक्का, अशी पेटी पाणी पीत नाही. एक तांब्या पाणी घाल आणि झाकण लाव. तेच पाणी वाफ होऊन काचेवर चढतं, थेंब होऊन मातीत उतरतं, पुन्हा चढतं. दोन दोन महिने बघावं लागत नाही. मला त्या पेटीचा राग कधी आला नाही, आजही नाही. एवढ्याशा पाण्यावर एवढं हिरवं कसं जगतं, हे मी वर्गात शिकले होते, पण स्वतःच्या हाताने केलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आधी त्यात सर्जेराव साहेबांनी झाडं लावली होती. सर्जेराव साहेब म्हणजे गिरणीचे प्रशासन अधिकारी, चेअरमन साहेबांचा उजवा हात. त्यांनी निवडुंग, कोरफड आणि शोभेची काटेरी रोपं आणली. सगळ्यांना सांगत सुटले, "ही आपल्या बीडची झाडं हायेत, मरायचं नावच घेणार न्हाईत." पंधरा दिवसांत पेटीतून कुजका वास यायला लागला. निवडुंगाचा बुंधा बोटाने दाबला की पाणी निघायचं. मग त्यांना लॅबमधल्या मुलीची आठवण झाली. "तू झाडाचं शिकलीस म्हनं?" असं त्यांनी विचारलं, आणि मी अशी उभी राहिले जसं काही पदवी मला त्याच क्षणी मिळाली. दीड वर्षात माझा विषय मला कुणी विचारला नव्हता. मी त्यांना समजावलं की चिवट झाड म्हणजे कुठेही चिवट, असं नसतं. जे आठ महिने पाण्याशिवाय काढतं ते ओल्या कोंदट हवेत आठ दिवस काढत नाही. इथे अशी झाडं पाहिजेत ज्यांची मुळं ओलीत बसून सडत नाहीत, ज्यांना ऊन कमी लागतं, जी वारा नसला तरी बुरशी धरत नाहीत, आणि जी हळू वाढतात, नाहीतर महिन्यात झाकणाला टेकतील.

पुण्याहून रोपं मागवली. फिटोनियाची पानं नक्षीदार, पण पेटीवर चार वाजता पश्चिमेचं ऊन यायचं आणि ती आतल्या आत शिजली. मी पेटी उत्तरेच्या भिंतीला हलवायला लावली. पेपेरोमिया तगली. शेवाळ तगलं. सिंगोनियम इतकं बोकाळलं की उपटून टाकावं लागलं. मागे भिंतीला काहीतरी नाजूक, दाट, खाली झुकणारं हवं होतं, आणि पुण्याचं काहीच टिकेना. तेव्हा मला आपली हिरीची कोथिंबीर आठवली. तिचं खरं नाव हंसराज. काळ्या दोऱ्यासारखे देठ, कोथिंबिरीसारखी पानं, दगडाच्या फटीत बसणारं, ओल मिळाली की वर्षानुवर्षं न हलणारं. याच्याहून चिवट झाड त्या पेटीसाठी अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं, आणि ते माझ्या घरापासून दोनशे पावलांवर होतं.

चौदा एप्रिलला मी आले, तेव्हाची दुपार आठव. मिरवणूक निघायची होती, पोरं ट्रॅक्टर सजवत होती, आणि आपण बायका विहिरीवर. पायऱ्या संपल्या तिथून मी दोरी कमरेला बांधून खाली उतरले आणि दोरी तू धरलीस. आई वरून म्हणाली, "कावून नेतीस गं ती? तिकडं भाजी करतेत का तिची?" सगळ्या हसल्या. मी सात गड्डे काढून वर दिले. भिमाकाकूने आपल्या रांजणावरचं ओलं फडकं सोडलं आणि मुळांना गुंडाळून दिलं. देताना माझी हनुवटी धरून म्हणाली, "कुनी इचारलं तर नर्सरीतून आनली म्हन. हिरीचं नाव तोंडातून काढू नको, मास्तरीणबाई." मी हो म्हटलं.

पेटी फार सुंदर झाली, अक्का. दोन दिवसांत हंसराजाने मान उचलली. दुपारच्या सुट्टीत सूत कातायच्या खात्यातली माणसं, केसांत कापूस अडकलेला, येऊन पेटीपुढे उभी राहायची. एक बाई काचेला गाल लावून उभी होती, थंड लागतं म्हणून. चेअरमन साहेब आले, वाकून बघितलं आणि विचारलं, "ही कुनाची करामत?" सर्जेराव साहेब म्हणाले, "आपल्याच लॅबमधली पोरगी, साहेब. बीएस्सी हाय." साहेब म्हणाले, "मग हिलाबी ठेवा काचंत, जपून." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची आज मला किळस येते.

मग सर्जेराव साहेबांनी सांगितलं की पेटीवर पाटी लावायची आहे, तर झाडांची नावं आणि माहिती चार चार ओळी लिहून दे. मी हंसराजावर एक पान लिहिलं. नर्सरीतून आणला असं लिहायला गेले आणि हात थांबला. शास्त्रात खोटं लिहायचं नसतं, असं वाटलं. आणि खरं सांगू, दुसरंही वाटलं. त्या इमारतीत ज्या पाटीवर बघावं तिथे साहेबांच्या घरातलं नाव आहे. एका कोपऱ्यात, एवढ्याशा अक्षरात का होईना, आपल्या वस्तीचं नाव लागेल असं वाटलं. काचेवरची पाटी वाचतं कोण, म्हटलं. मी लिहिलं की हा हंसराज आमच्या वस्तीच्या विहिरीतला आहे, उत्तरेच्या भिंतीवर, पाण्यापासून चार हात वर वाढतो, आणि मुळांना बाराही महिने झिरपा मिळाल्याशिवाय तो इतका दाट होत नाही. खाली सही केली आणि सहीखाली पदवी लिहिली. आपल्या घरातली पहिली पदवी, अक्का. ती मी कुठे कुठे लिहायची, याची मला हौस होती.

त्यानंतर तीन दिवसांनी तुझा फोन आला. टँकर आलेत, काटे काढून फेकलेत, तहसीलचा कागद दाखवतायत, विहीर दुष्काळी टँकरसाठी अधिग्रहित केली म्हणतायत. तू रडत होतीस. "कुनी सांगितलं आसंल गं?" असं विचारलंस, आणि मग तूच म्हणालीस, भिमीचा जावई. आणि मी काय म्हणाले ते तुला आठवतं का? मी म्हणाले, "त्याचंच काम असणार." एवढं झटकन म्हणाले. मी लिहून दिलेल्या कागदाचा विचार मनात आला नाही असं मी तुला सांगू शकते, पण तो आला होता. मी त्याला आत येऊ दिलं नाही. पंधरा दिवस येऊ दिलं नाही.

परवा, गुरुवारी, मला एक फाइल देऊन झेरॉक्सला पाठवलं. गावांना पाणी पुरवायच्या टँकरसाठी गिरणीने तहसीलला दिलेल्या प्रस्तावाची फाइल. त्यात तिसरा कागद माझा होता. वरच्या कोऱ्या जागेत कुणीतरी टाइप केलं होतं, "वनस्पतिशास्त्रीय पाहणी अहवाल". खाली माझं अक्षर, माझी सही, माझी पदवी. तहसीलच्या माणसांनी काय समजायचं? शिकलेल्या बाईने, त्याच वस्तीतल्या बाईने, पाहणी करून लिहून दिलं आहे की विहिरीत पाणी आहे. भिमाकाकूच्या जावयाला तर दुसऱ्या दिवशी फक्त चावी देऊन सांगितलं, त्या रस्त्याने चल. विहीर मी दाखवली, अक्का. तू दोरी धरलेली असताना मी तिच्यात उतरले आणि वर येऊन तिचा पत्ता लिहून दिला.

मी फाइल घेऊन सर्जेराव साहेबांकडे गेले. साहेब, हे मी झाडाबद्दल लिहिलं होतं, म्हटलं. ते म्हणाले, "मग झाडच हाय की ते. आमी कुठं खोटं लिव्हलं?" वरची ओळ माझी नाही, म्हटलं. तर म्हणाले, "बस. पानी पी." खरंच म्हणाले, आणि शिपायाने ग्लास ठेवला. मग समजावायला लागले. खात्यात आर्द्रता नसली की सूत तुटतं, सूत तुटलं की गिरणी बंद, अडीचशे माणसं घरी, त्यात तुझ्या वस्तीचीबी चौदा. "सहकार म्हंजे काय गं? सगळ्यांनी मिळून सोसायचं. तू शिकल्याली पोरगी, तुला आमी सांगावं का?" ती चौदा माणसं मला नावाने माहीत आहेत. त्यातले एक तुझे मालक, आपले दाजी आहेत.

मग लॅबमध्ये परत आले आणि रजिस्टर उघडलं. खात्यातली आर्द्रता दर दोन तासांनी मीच लिहिते. ओल्या कापडाचा तापमापक आणि कोरडा तापमापक, दोन्ही बघून आकडा काढायचा. साठ असावी लागते. हवा ओली करायचं यंत्र त्यांनी फेब्रुवारीतच बंद केलं, तेव्हापासून तीसच्या आसपास. टँकर सुरू झाले एकवीस एप्रिलला. त्यानंतरचा एकेक आकडा मी बोट ठेवून बघितला. तीस, एकतीस, एकोणतीस. एका दिवसाने, एका आकड्याने ती वर गेलेली नाही. आपलं पाणी खात्यात गेलेलंच नाही, अक्का. खिडकीतून समोर बघितलं तर नव्या इमारतीपुढे गालिच्यासारखी गुंडाळून आणलेली हिरवळ अंथरली आहे आणि दोन माणसं पाइपने ती भिजवत होती. रविवारी पंधरा तारखेला उद्घाटन आहे. एक टँकर गावोगाव फिरतो, त्यावर सेवेचा फलक आहे, त्याचे फोटो काढतात. बाकीचे मागच्या फाटकातून आत येतात. सोळा दिवस मी त्याच फाटकाने कामावर जाते आणि मी बघितलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं.

मंगळवारी तहसीलमध्ये हरकतींची सुनावणी आहे. मी जाणार आहे. तो कागद पाटीसाठी लिहिला होता, वरची ओळ माझी नाही, हे सहीनिशी लिहून देणार आहे. रजिस्टरच्या फेब्रुवारीपासूनच्या पानांच्या झेरॉक्स मी काढून ठेवल्या आहेत. त्याने टँकर थांबतील का, मला ठाऊक नाही. नोकरी मात्र जाईल, ते नक्की आहे. दाजींनाही त्रास देतील, हे मी विचारात घेतलेलं नाही असं समजू नको. तू म्हणशील, तुझ्या फीसाठी मी सात वर्षं लोकांचा कापूस वेचला, तो याच्यासाठी का? बोटांना फडकी बांधून तू संध्याकाळी माझी वही तपासायचीस, ते मला रोज आठवतं. पण त्या उपकारापायी मी आता गप्प बसले, तर मग मी शिकले नसते तेच बरं होतं. वस्तीची विहीर तरी राहिली असती.

हे सगळं दोन वाक्यांत फोनवर सांगता आलं असतं. तू नाव ऐकून फोन ठेवलास हे खरं, पण मी पुन्हा लावू शकले असते. मी लावला नाही, कारण मी तुला ओळखते. तू ऐकलं असतंस आणि मग ते पोटात ठेवलं असतंस. घरातली एकुलती शिकलेली पोर, तिचं नाव खराब नको म्हणून. आईलाही सांगितलं नसतंस. आणि भिमाकाकू फाट्यावर जात राहिली असती. म्हणून कागदावर लिहिलं आहे आणि खाली पूर्ण नाव घातलं आहे. गिरणीत कामाला असलेला आपला मुंजाजी उद्या वस्तीवर येतोय, त्याच्या हाती पाकीट बंद करून देते. सोमवारी सकाळी, टँकर यायच्या आधी, सगळ्या बायका विहिरीवर जमल्या की हे पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. तुझ्यावर लिहिलेलंही गाळू नको, माझ्यावरचं तर मुळीच नको. त्याआधी स्वतः भिमाकाकूच्या घरी जा आणि तिला घेऊन ये, निरोप पाठवू नको. पहिला हंडा तिचा भरू दे. मी बुधवारी येईन. मला विहिरीवर उभं राहू द्यायचं की नाही, ते तिला विचार, आणि ती जे म्हणेल ते मला खरं खरं कळव.

तुझीच,
संघमित्रा आश्रुबा साळवे